छेद रिकामा

७ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. भावना नोंदवण्यासाठी नव्हे. त्यासाठी लोकांना चर्च आहे. ही केवळ कार्यवाहीची नोंद.

विषय: माझी पत्नी फिलोमिना, तिचा वर्षविधी. मार्चच्या पहिल्या शनिवारी. त्या दिवशी तिच्या माहेरचे लोक माझ्या अंगावरचे काळे वस्त्र उतरवून पांढरे देतील आणि मला रीतसर मोकळे करतील. त्यानंतर त्यांना या घराची पायरी चढण्याचे काही कारण उरत नाही. विधी तिच्या गावी, एफिदुआसेला होणार, असे सगळे धरून चालले आहेत. माझा संकल्प असा, की तो येथे, कुमासीत, आमच्या अंगणात व्हावा. कारणे निव्वळ व्यावहारिक: गाड्या लावायला प्रशस्त जागा, आणि सांडपाण्याचा उत्तम निचरा.

निर्णय तिच्या कुळाच्या बैठकीत, ३ फेब्रुवारीला. दुसरा कोणी असता तर रडूनभेकून विनवण्या करता. मी गणिताने जाणार. फिलोमिना मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिचे पाठ्यपुस्तक हाताशी आहे. प्रकरण: संच, वेन आकृत्या व संभाव्यता. मी इतिहासाचा पदवीधर खरा, पण शाळा-निरीक्षक या नात्याने आयुष्यभर गणिताच्या तासांना मागच्या बाकावर बसून शेरे लिहिले आहेत. रविवारपर्यंत प्रकरण हातावेगळे होईल.

९ जानेवारी, बुधवार
आयत म्हणजे विश्वसंच. त्यातले वर्तुळ म्हणजे संच. दोन वर्तुळांत मिळून जे जे आहे तो संयोग, दोन्हींत सामाईक तो छेद, वर्तुळाबाहेर उरलेला तो पूरक. संपले. एवढ्याशा भागाला ती दोन आठवडे घेत असे. तिची शाळा माझ्या विभागात नव्हती हे तिचे नशीब. (ती म्हणे, तुमचे.)

साधने: तिचा फळ्यावरचा लाकडी कंपास. कागद: तिच्या अंत्यविधीची, तिचा फोटो छापलेली पोस्टरे. छापखान्याने गरजेपेक्षा फार जास्त छापली, गठ्ठा तसाच पडून होता. मागची बाजू पूर्ण कोरी. छापील बाजू खाली ठेवून काम करतो. तिच्यावर शाई सांडू नये म्हणून.

आमची कन्या सेरवा, औषधनिर्माती, कामावरून आली आणि विचारती झाली, की डॅडी, जेवायचं कुठे? टेबलावर चर्चच्या महिला मंडळाचे व तिच्या शाळेच्या शिक्षकवर्गाचे, अशी दोन वर्तुळे होती. खुर्च्यांचा अंदाज मी काढलाच होता: पंचेचाळीस अधिक तीस, पंच्याहत्तर. सेरवा म्हणाली, मर्सी आंटी दोन्हीकडे आहेत, त्या काय दोन खुर्च्यांवर बसणार? मी म्हणालो, मर्सी आंटींच्या बाबतीत ती तरतूद अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. नंतर तिच्या समाधानासाठी छेदातील माणसे एकदा वजा केली.

१३ जानेवारी, रविवार
प्रकरण संपलेले नाही. हरमाटन वाऱ्याने ओठ फुटले आहेत, धुळीने पानेही नीट दिसत नाहीत. तथापि महत्त्वाचा भाग साधला.

घटना क: कुळाचे प्रमुख ओपानिन दुआ होकार देतात. संभाव्यता ०.७. (नाताळात मी दिलेली जिनची बाटली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली होती व बूच हुंगून हसले होते.)
घटना ख: फिलोमिनाची थोरली बहीण पोमा होकार देते. संभाव्यता ०.५. याला आधार नाही. पोमा फिलोमिनाच्याच शाळेतल्या निवृत्त मेट्रन आहेत. त्यांचा अंदाज शाळेच्या डॉक्टरांनाही कधी आला नाही.

दोघांपैकी एकाचा होकार पुरे. म्हणजे संयोग. ०.७ अधिक ०.५ बरोबर १.२.

निश्चित घटनेची संभाव्यता १ असते. माझी त्याहूनही वीस टक्के अधिक आहे. चर्चमधून येताना मंडपवाल्याला तारीख राखून ठेवण्यास सांगितले.

१५ जानेवारी, मंगळवार
सेरवा हसली. वर्षभरात प्रथमच असेल. म्हणाली, डॅडी, एकापेक्षा जास्त संभाव्यता? मम्मीने खडू फेकून मारला असता! आणि नेमही धरला असता!

मला ती त्रुटी मनातल्या मनात जाणवलेलीच होती. छेद वजा करावयाचा असतो. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, की छेद म्हणजे गुणाकार. आणि ओपानिन दुआ व पोमा दोघेही स्वतंत्र बाण्याचे. ०.३५. सबब उत्तर ०.८५. मंडपवाल्याला काही कळवण्याची आवश्यकता नाही.

सेरवा बराच वेळ टेबलाशी बसून होती. मग तिने कागद उलटून पाहिला. मी तो पुन्हा पालथा केला.

१९ जानेवारी, शनिवार
घटना क बळकट करण्यासाठी एफिदुआसेला जाऊन आलो. दुसरी बाटली. ओपानिन दुआ म्हणाले, वा वा, तुमचं घर छान आहे, खुर्च्या आहेत, संडास आत आहे, माझी काही हरकत नाही हो बाळा. मी उठलो तेव्हा म्हणाले, फक्त पोमा काय म्हणते तेवढं बघून घे.

क आता ०.९. एकूण ०.९५. गाडीत मी शीळ वाजवली, असे सेरवाचे म्हणणे आहे. टायरमध्ये हवा कमी असावी.

२२ जानेवारी, मंगळवार
एका बाबीने अस्वस्थ. परवा ओपानिन दुआंना फोन करून त्यांच्या छपराची चौकशी केली. म्हणाले, पत्रे बदलायचेत, पोमाला विचारतो. रताळी काढली का, असे विचारले. म्हणाले, पोमा म्हणाली थांबा. सेरवाने माझ्या हातातला कंपास घेतला, मोठे वर्तुळ काढले, त्यावर पोमा आंटींचे नाव घातले आणि त्याच्या आत एक लहान वर्तुळ काढले. म्हणाली, हे ओपानिन. आंटी हो म्हणाल्या तरच ते हो म्हणतात. बाहेर त्यांचा एक ठिपकासुद्धा नाही.

म्हणजे उपसंच. मग संयोग म्हणजे केवळ मोठे वर्तुळ. उत्तर ०.५. आणि मी दोन बाटल्या आतल्या वर्तुळाला पाजल्या.

माझा युक्तिवाद चूक नव्हता. माणसे स्वतंत्र नव्हती. पुस्तकात तशी सूचना ठळक अक्षरांत हवी होती.

संकल्प: उद्या पोमांकडे जाणे.

२३ जानेवारी, बुधवार
गेलो नाही. गाडीची बॅटरी.

२४ जानेवारी, गुरुवार
खोकला.

२५ जानेवारी, शुक्रवार
बॅटरी नवी बसवली आहे. खोकला नाही. खरी अडचण कानाची आहे. पोमांचा आणि फिलोमिनाचा आवाज एकच. समोर बसून बोलताना अडचण नसते. पण त्या आतल्या खोलीतून काही विचारतात तेव्हा माझ्या डाव्या कानात काहीतरी होते. डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

२७ जानेवारी, रविवार
गेलो. सविस्तर नोंद आवश्यक.

आकृती सोबत नेली होती. दोन वर्तुळे: एक पोमांचे कूळ, एक माझे. मधल्या भागात सेरवाचे नाव, सुवाच्य अक्षरांत. मुद्दा असा, की छेद रिकामा नसल्यामुळे विधीच्या जागेवर दोन्ही वर्तुळांचा अधिकार पोहोचतो. असा बिनतोड युक्तिवाद त्या घरात यापूर्वी कोणी मांडला नसेल.

पोमांनी चष्मा लावला. मधल्या भागावर बोट ठेवले. म्हणाल्या, मेहुणे, इथे ही कोण बसवलीत?
सेरवा, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही असांते ना? डोक्याचे केस पांढरे झाले, आणि पोर कोणाचं असतं हे मी सांगायचं? पोर आईच्या कुळाचं. अख्खं. सेरवा आमची, नखापासून केसापर्यंत. तुमच्याकडून तिला नाव मिळालं, फी मिळाली, नाक मिळालं, त्याबद्दल आभारी आहोत! पण मधे कोणी नाही. मधे कोणी असतं तर तुम्ही आणि फिलो एका रक्ताचे भाऊबहीण झाला असता, आणि आम्ही तुम्हाला दारातूनच हाकललं असतं.

मग माझ्या खिशातले पेन काढून त्यांनी दोन वर्तुळे वेगळी काढली. मधे चांगले चार बोटे अंतर ठेवले.

यात माझी चूक म्हणता येणार नाही. पुस्तकातील यच्चयावत चित्रांत वर्तुळे एकमेकांवर चढलेलीच दाखवतात. माणसाला सवय होते.

नंतर त्यांनी विचारले, विधी तुमच्या घरी का हवा? मी गाड्यांच्या जागेबद्दल सांगितले. त्यांनी तेच पुन्हा विचारले. मी निचऱ्याबद्दल सांगितले. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, बैठकीत मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे, मेहुणे. नीट विचार करून या.

डावा कान.

३० जानेवारी, बुधवार
तयारी. सशर्त संभाव्यता हा भाग वाचला: एक गोष्ट घडली आहे असे धरून दुसरी घडण्याची शक्यता. उत्तर बरोबर आले असे धरल्यास होकाराची शक्यता माझ्या मते ०.९ च्या वर. म्हणजे सारे काही उत्तरावर. संभाव्य प्रश्नांचे मुद्दे काढले: पाण्याची टाकी, जनित्र, शेजाऱ्यांची संमती, ध्वनिक्षेपक, अंत्यविधीच्या वेळचा अनुभव.

सेरवा म्हणाली, डॅडी, आंटी टाकीबद्दल नाही विचारणार. मग कशाबद्दल, असे विचारले तर म्हणाली, ते तुम्हाला माहीत आहे. मला माहीत नाही. मुद्द्यांत जनित्राच्या इंधनाची भर घातली.

२ फेब्रुवारी, शनिवार
दोनदा सराव. आरशासमोर एकदा, अंगणात एकदा. अंगणात तिची उत्तरपत्रिका तपासायची खुर्ची आहे. ती हलवली नाही. जागा पुरेशी आहेच.

जेवण गेले नाही. कुटलेल्या कंदांचा फुफू फार घट्ट झाला होता.

३ फेब्रुवारी, रविवार
बैठक झाली.

रीतीप्रमाणे कोणी कोणाशी थेट बोलत नाही. प्रमुखांचा प्रवक्ता मधे असतो, त्याच्यामार्फत शब्द जातो. पोमांनी प्रवक्त्याला सांगितले, आमच्या मेहुण्यांना विचारा. वर्ष झालं, काळं उतरवलं, आम्ही त्यांना मोकळं केलं. त्यानंतर ते आमचे कोण?

टाकी नाही. जनित्र नाही. माझी क्षणभर तारांबळ उडाली. पण याच प्रश्नाची आकृती आठवडाभर टेबलावर होती, स्वतः पोमांनी दुरुस्त केलेली! मी उभा राहिलो आणि स्पष्ट उच्चारात उत्तर दिले, की दोन्ही संच विभक्त आहेत, छेद रिकामा आहे, सबब कोणीही नाही.

प्रवक्ता हुशार माणूस. त्याने ते प्रमुखांकडे पोहोचवताना म्हटले, की साहेबांचं मन भरून आलंय, त्यांना शब्द सुचत नाहीत. हे वस्तुस्थितीला धरून नव्हते. मी त्याला थांबवले आणि माझे विधान शब्दशः पोहोचवण्याची विनंती केली. त्याने माझ्याकडे पाहिले, पोमांकडे पाहिले, आणि पोहोचवले.

ओपानिन दुआ पोमांच्या तोंडाकडे पाहत होते. पोमा स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, ठीक आहे. एफिदुआसेला.

परतताना गाडी सेरवाने चालवली. अर्ध्या वाटेवर म्हणाली, त्या तुम्हाला घर देत होत्या, डॅडी. हातात ठेवत होत्या. तुम्ही फक्त 'मी तुमचाच' एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, आकृती त्यांचीच होती.
ती म्हणाली, हो. पण उत्तर तुमचं हवं होतं.

याचा अर्थ लागला नाही. उत्तर तांत्रिकदृष्ट्या पूर्णतः बरोबर होते. मंडपवाल्याला कळवले.

११ फेब्रुवारी, सोमवार
आठवडा नोंद नाही. नोंदण्यासारखे काही नव्हते.

आज पोमांचा फोन. मेहुणे, तुमच्याकडे ती गोल गोल चित्रं आहेतच, तर जेवणाच्या पाकिटांचा हिशोब तुम्ही करा. गेल्या वर्षी अर्धे लोक दोन दोन नेऊन बसले आणि अर्धे पाणी पिऊन गेले.

माझ्या पद्धतीवरचा हा विश्वास लक्षणीय आहे. रिकाम्या छेदाच्या माणसाला कोणी असे काम सांगत नाही. सेरवाला तसे म्हणालो. ती म्हणाली, मग नीट करा.

संकल्प: कोणाला दोन नाहीत, कोणी उपाशी नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
हिशोब पूर्ण. तीन वर्तुळे: कूळ, महिला मंडळ, शाळा (आजी-माजी सारे). तीन वर्तुळांचा भाग पुस्तकात पुढच्या पानावर आहे. तो वाचण्याची गरज भासली नाही. दोहोंचे जे शास्त्र तेच तिहींचे.

पद्धत: प्रत्येक वर्तुळातील प्रत्येक माणसाच्या नावाची एक चिठ्ठी. म्हणजे दोन वर्तुळांत असणाऱ्याच्या दोन झाल्या. मग वर्तुळांची एकेक जोडी घेतली, आणि त्या जोडीत सामाईक असलेल्या प्रत्येकाची एक चिठ्ठी फाडली. जोड्या तीन. कूळ व मंडळ, फाडल्या. मंडळ व शाळा, फाडल्या. कूळ व शाळा, फाडल्या. मर्सी आंटींची बरोबर एक उरली. उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीस एक पाकीट. एकूण अठ्ठ्याऐंशी. स्वयंपाकवालीला आकडा व चिठ्ठ्या सुपूर्द.

सेरवा म्हणाली, एकदा मी बघू का? नको म्हणालो. परीक्षकाने आपली उत्तरपत्रिका इतरांकडून तपासून घ्यायची नसते. या वेळी छेद विसरलेलो नाही. एकही विसरलेलो नाही.

१ मार्च, शुक्रवार
पांढरे वस्त्र इस्त्री होऊन आले. कपाटात टांगले. मग कपाटाचे दार बंद केले, कारण ते करकरते.

उद्या निदान एक गोष्ट निर्दोष होईल.

२ मार्च, शनिवार
एफिदुआसे. घटनाक्रम.

काळे उतरवले. पांढरे नेसवले. प्रवक्त्याने मोठ्याने सांगितले, की हा माणूस आमच्या लेकीशी चांगला वागला, आता तो मोकळा आहे, त्याने त्याच्या लोकांत जावे. मी आभार मानले आणि माझ्या लोकांच्या मंडपात जाऊन बसलो. आमचे जेवण धाकट्या भावाने वेगळे आणले होते: आंबवलेल्या मक्याचे केंके, तळलेला मासा, मिरचीची चटणी. भाऊ म्हणाला, दादा, झालं, सुटलास. मी त्याला चटणी पुढे करण्यास सांगितले.

समोरच्या मोठ्या मंडपात नावे पुकारून पाकिटे वाटली जात होती. अत्यंत शिस्तीत. मर्सी आंटींना एक. शाळेच्या शिपायाला एक. मी मान हलवत होतो. मग वाटणारी बाई थांबली. टोपली रिकामी होती आणि पुढच्या दोन ओळींतले हात अजून पसरलेले होते.

कोणीतरी ओरडले, अगं, गेलेलीच्या सख्ख्या बहिणीला जेवण नाही? आणि शिपाई ढेकर देतोय!

पोमांना नव्हते. सेरवाला नव्हते. एकूण अकरा जणींना नव्हते. सेरवाने स्वयंपाकवालीला विचारले, मग मला येऊन विचारले, तू चिठ्ठ्या कशा फाडल्यास. ती मला तू म्हणाली हे येथे नोंदवतो. मी सांगितले. तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, आम्ही तिन्ही वर्तुळांत आहोत, डॅडी. मी मम्मीच्या कुळातली, मंडळातली, त्याच शाळेत शिकलेली. आंटीही कुळातल्या, मंडळातल्या, त्याच शाळेच्या मेट्रन. तीन जोड्या होत्या. तुम्ही आमच्या तीन चिठ्ठ्या लिहिल्यात आणि तिन्ही फाडल्यात. तिन्हींच्या मधल्यांना शेवटी परत एकदा मिळवायचं असतं.

तिने हे सांगितले ते सगळ्यांनी ऐकले. पोमा तिकडून म्हणाल्या, म्हणजे जो जितका जवळचा तो तितका उपाशी? अगदी मेहुण्यांचाच हिशोब!

मंडपभर हसू झाले. मी उभा होतो. कोणत्याही पुस्तकात याला पूर्वदाखला नाही.

त्यानंतर मी माझी थाळी उचलून पलीकडे गेलो. आमच्या मंडपावर ऊन आले होते. प्रवक्ता म्हणाला, साहेब, तुम्ही आता मोकळे आहात, तुमची जागा तिकडे. मी म्हणालो, मला माहीत आहे. तो म्हणाला, मग? माझ्याकडे मुद्दा नव्हता. थाळीत एकच मासा होता आणि माणसे पुष्कळ होती, एवढेच मी बोललो असे वाटते. धूळ फार होती.

पोमांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. प्रवक्त्याला म्हणाल्या, बसू द्या त्यांना. उभे राहून अजून कोणाचं तरी जेवण कापतील.

बसलो. पोमांनी मासा हातानेच मोडला. मधला तुकडा सेरवाला दिला, शेपटीकडचा स्वतः घेतला आणि डोके माझ्या थाळीत ठेवले.

मला माशाचे डोके आवडत नाही. डोळ्यांसकट खाल्ले.